सातव्या वळणाचा रिप्ले

२५ एप्रिल, शुक्रवार

शाळेचा आज शेवटचा दिवस. पोरांना घरोघर सोडलं, व्हॅन अंगणात लावली आणि कव्हर टाकलं. आता जूनच्या मध्यापर्यंत मी रिकामी. विम्याच्या एजंटने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. म्हटलं, सुट्टीत लिहून बघू.

येताना कॅम्पातल्या सिग्नलला अपूर्वा ओरडली, "काकू, हिरवा झाला! काकू! अहो काकू!" अपूर्वा म्हणजे लीनाताईंची मुलगी, पाचवीतली, पुढच्या सीटवर बसते. मागून ट्रकवालाही हॉर्नवर हॉर्न देत होता. हल्ली कुणालाच दम नाही. मी बघतच होते की सिग्नलकडे.

व्हॅनमध्ये मधूनमधून करपट वास येतो. आज पुन्हा आला. कानिफनाथ मेकॅनिकने मागच्या आठवड्यात सगळं वायरिंग उघडून बघितलं होतं. "काय बी न्हाई ताई, गाडी एकदम ओके," म्हणाला. दुसऱ्याला दाखवते आता.

२८ एप्रिल

सम्राट पुण्याहून आला. माझा धाकटा भाऊ. खोली बदलतोय, नवीन घर मिळेपर्यंत त्याचं गेमचं सामान आमच्याकडे ठेवायचंय. सामान म्हणजे काय, खोकं, स्टिअरिंग, पायाखालचे पेडल, सगळं. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला त्याने स्टिअरिंग स्क्रूने आवळलं. आई म्हणाली, "माझ्या मशिनीची गाडी केली का रं?"

मला वाटलं नुसत्या शर्यती असतील. सम्राट म्हणाला, "नाही ताई, यात करिअर मोड आहे. सगळ्यात खालच्या फळीतून सुरू करायचं. बारका संघ, हळू गाडी. चांगली चालवलीस तर वरचा संघ बोलावतो, तिथून आणखी वर. नाही जमलं तर काढून टाकतात."

"आणि आहे तिथंच नाही का ठेवत कुणी?"

"तसं असेल तर खेळायचं कशाला?"

मी व्हॅन चालवायला लागले ते नवरा सोडून माहेरी आले तेव्हा. पहिल्या दिवशी जी व्हॅनवाली काकू होते, तीच आजही आहे. वरची पायरी असते हेच कधी डोक्यात आलं नाही. सम्राटने माझ्या ड्रायव्हरचं नाव टाकलं, जे. माला. हेल्मेट निळं घेतलं.

३० एप्रिल

पहिली शर्यत. शेवटून पहिली आले. कानाला हेडफोन असतो, त्यात संघाचा इंजिनिअर इंग्रजीत बोलत राहतो. निम्मं कळतं. खरी अडचण अशी की मला गाड्यांमध्ये अंतर ठेवायची सवय. कुणी मागून आलं की मी बाजूला होते. आई पलंगावर बसून बघत होती. "त्याला वाट कशाला दिली? तुझी तू जा की पुढं."

"आई, इतकी वर्षं पोरं घेऊन चालवतेय. हात आपोआप वळतो."

"ह्यात पोरं न्हाईत ना? मग दाब."

६ मे

दुपारी बाहेर पडवत नाही, म्हणून जेवण झालं की खेळते. शर्यतीच्या आधी सराव असतो, तो बहुतेक लोक टाळतात म्हणे. मी टाळत नाही. प्रत्येक वळणाला ब्रेक कुठे मारायचा याची खूण शोधून ठेवते, कुठे पाटी, कुठे डांबरावरचा डाग. भिंगारच्या गल्ल्याही मी अशाच पाठ केल्या होत्या.

प्रत्येक शर्यतीला संघ लक्ष्य देतो. बाराव्या नंबराच्या आत या, म्हणतात. माझ्याच संघात ब्रूनो म्हणून दुसरा ड्रायव्हर आहे, खोटाच, पण त्याच्याशी माझी तुलना चालते. काल ब्रूनो नववा, मी तेरावी. गेममध्येच संघाच्या साहेबाचा मेल आला. 'प्रगती दिसते आहे, पण अपेक्षा जास्त आहेत.' राग आला. मग हसू आलं की मला कुणीतरी काहीतरी अपेक्षित धरतंय.

९ मे

मुख्याध्यापक रविकांत सरांचा फोन आला. मला वाटलं व्हॅनबद्दल तक्रार असेल. सर म्हणाले, "जयमालाताई, शाळा स्वतःची बस घेते आहे. ड्रायव्हर म्हणून कमिटीपुढे मी तुमचं नाव ठेवलं. कुणाचीच हरकत नव्हती. हेवीचं लायसन्स आहे ना तुमच्याकडे?"

आहे. काढलं तेव्हा सगळे हसले होते, व्हॅनवालीला हेवी कशाला.

पगारी नोकरी, शाळेचा गणवेश. पुढे आणखी बसेस आल्या की वाहतुकीचं सगळं माझ्याकडे. फक्त जूनच्या आधी मेडिकल सर्टिफिकेट द्यायचं. फोन ठेवला आणि आईला मिठीच मारली. ती म्हणाली, "आगं सोड, पीठ लागंल."

१२ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो. आईने खीर केली. शेजारी द्यायला वाटी भरून घेतली आणि दारात जरा थांबले, तर आई खांदा धरून हलवायला लागली. "तीन येळा हाक मारली तुला. काय झालं?"

"बसचा विचार करत होते."

"आन् तोंड कशाला हालवत हुतीस?"

खीर चाखली असेन. वाटी मात्र भरलेलीच होती. आई हल्ली उगाच माझ्या मागे मागे असते. वयामुळे होत असेल.

१५ मे

आज नुसता संताप. समुद्राकाठचा ट्रॅक, मी सहावी चालले होते, ब्रूनो माझ्या मागे. सातव्या वळणाच्या जरा आधी गेम हँग झाला. चालू झाला तेव्हा गाडी भिंतीत. सम्राटला फोन लावला.

"स्क्रीन थांबली होती का?"

"थांबलीच असणार. वळायच्या आतच गाडी भिंतीत. आणि मशीन तापतंय तुझं. करपट वास येत होता."

"वास? लगेच बंद कर. प्लग काढ."

प्लग काढला, हात लावून बघितलं. गार होतं.

२१ मे

मेडिकल सर्टिफिकेट मिळालं. डॉक्टरांनी डोळे तपासले, ब्लड प्रेशर घेतलं. विचारलं, "चक्कर, फिट, काही?" मी नाही म्हटलं. सही, शिक्का. आईने ते कपाटात साडीच्या घडीत ठेवलं. रविकांत सरांना फोन करून सांगितलं. बस पुढच्या आठवड्यात येते म्हणाले.

२४ मे

पुन्हा हँग. या वेळी सरळ रस्त्यावर. गाडी हळूहळू गवतात गेली आणि मागचा येऊन धडकला. संघाचा मेल आला की उरलेल्या शर्यतींत नंबर सुधारला नाही तर पुढच्या सीझनचा करार होणार नाही. मशीन बिघडलंय आणि बोलणी मला. सम्राटला म्हटलं, पुढच्या रविवारी येऊन दुरुस्त कर, नाहीतर घेऊन जा.

१ जून, रविवार

सगळं नीट लिहायचा प्रयत्न करते.

सम्राट सकाळी आला. नवी केबल आणली होती. तासभर स्वतः खेळला. कुठेच अडकलं नाही. मग म्हणाला, "जुन्या शर्यती सेव्ह असतील, रिप्ले बघू. कुठे हँग होतं ते कळेल."

समुद्राकाठची शर्यत लावली. माझी निळ्या हेल्मेटवाली गाडी येते, सातवं वळण जवळ येतं, गाडी वळतच नाही, सरळ जाऊन भिंतीवर आदळते.

"इथंच बघ," मी म्हटलं. "इथंच हँग झालं."

सम्राटने मागे नेऊन पुन्हा लावलं. मग म्हणाला, "ताई, हँग झालं असतं तर सगळंच थांबलं असतं. बाकीच्या गाड्या बघ ना. वळतायत."

खरंच वळत होत्या. ब्रूनोही माझ्या बाजूने वळून गेला.

पडद्याच्या खाली पट्ट्या असतात. पाय किती दाबलाय, ब्रेक किती, स्टिअरिंग कुठे, ते दिसतं. सम्राटने बोट ठेवलं. "रेसचा पेडल पूर्ण दाबलेला आहे. ब्रेकला तू पायच लावला नाहीस."

"लावला. त्या पाटीपाशी लावते मी दर वेळी."

"दर वेळी लावतेस. या वेळी नाही लावला."

मग गवतात गेली ती शर्यत लावली. तिथेही तेच. मशीन चालू, गाड्या चालू, फक्त माझे हात नाहीत. मला यातला एक क्षणही आठवत नाही. मी दोन्ही शर्यती पुन्हा लावायला लावल्या. कुणी दुसरंच चालवतंय असं वाटत होतं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "आशीच उभी ऱ्हाती ती. पौर्णिमेला वाटी धरून उभी हुती. परवा गॅसपाशी बी. मी सांगाया गेले तर माझ्यावरच वरडती."

सम्राटने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, चहा ठेवते. आत गेले आणि तेव्हा सिग्नल आठवला. अपूर्वाचं "अहो काकू".

मी सिग्नलकडे बघत होते असं इथे लिहून ठेवलंय. तेव्हा मला खरंच तसंच वाटत होतं. गाडी उभी होती म्हणून बरं.

२ जून

सम्राट म्हणतो लगेच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. मी म्हटलं, बघू.

खरं लिहायचं तर मनात काय चाललंय ते हे. सर्टिफिकेट कपाटात आहे. कळलंय फक्त आई आणि सम्राटला. आई कुणाला सांगणार नाही. दोन-तीनदाच तर झालं. उन्हाने झालं असेल, झोप कमी असेल. बसवर मी जास्त सावध राहीन. असं सगळं सकाळपासून.

संध्याकाळी कव्हर काढून व्हॅनमध्ये जाऊन बसले. किल्ली लावली, फिरवली नाही. मागे वळून सगळ्या रिकाम्या सीट बघितल्या. कोण कुठे बसतं ते मला तोंडपाठ आहे. मग उतरून सम्राटला फोन केला. वेळ घे म्हटलं डॉक्टरांची.

६ जून

नगरच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डोक्याला वायरी चिकटवून आलेख काढला, एमआरआय झाला. डॉक्टरांनी फोनमधला रिप्लेही बघितला. सम्राटने शूट करून आणला होता. डॉक्टर म्हणाले, असा पुरावा घेऊन पहिल्यांदाच पेशंट आलाय.

ही मिरगीच आहे. "फिट म्हणजे पडून हातपाय झाडणं एवढंच लोकांना माहीत असतं. तुमची फिट गप्प असते. माणूस उभ्या उभ्या थोडा वेळ जातो आणि परत येतो. गेला होता हे त्याला कळतही नाही."

मी वासाबद्दल विचारलं. तो वास बाहेर नसतोच म्हणाले. फिटची सुरुवात ती. कानिफनाथला उगाच नावं ठेवली.

गोळ्या रोज, न चुकता. गाडी बंद. स्कूटरसुद्धा. स्वतःपुरती गाडी पुढे चालवता येईल का ते गोळ्या लागू पडल्यावर बघू. "शाळेच्या बसचं मात्र डोक्यातून काढून टाका."

माझ्या तोंडून काहीतरी निघायला हवं म्हणून मी विचारलं, "आणि हा गेम?"

"दिव्यांच्या लखलखाटाचा त्रास तुम्हाला दिसत नाही. खेळा. तिथल्या भिंतीआड कुणी राहत नाही."

सम्राट हसला. मीही हसले. रिक्षात बसल्यावर रडले.

९ जून

रविकांत सरांना शाळेत जाऊन सांगितलं. सोबत नेलेलं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं, फाडून टाका म्हटलं. सर म्हणाले, "ताई, तुम्ही नसतं सांगितलं तर आम्हाला कळलं नसतं." मी म्हटलं, मलाच कळलं नव्हतं सर.

बसला दुसरा ड्रायव्हर बघणार आहेत. छगन म्हणून एक जण आहे, एसटीतून निवृत्त झालेला.

१० जून

बाकीच्या पालकांना फोनवर सांगितलं. काही "काळजी घ्या" म्हणाले, एक जण फार बोलला, ते लिहीत नाही. लीनाताईंकडे स्वतः गेले. अपूर्वा पुढे बसायची, म्हणून.

लीनाताई बँकेत आहेत. त्यांचे मिस्टर लष्करी खात्यात नागरी नोकरीत, बदली होऊन जबलपूरला असतात. मी दारातच सगळं सांगितलं. सिग्नलचंही सांगितलं.

"म्हणजे अपूर्वा शेजारी होती आणि तुम्ही शुद्धीवर नव्हतात?"

"हो."

"गाडी चालू असताना असं कितीदा झालं?"

"माहीत नाही ताई. मला आठवत नाही, तेच तर दुखणं आहे."

त्यांनी आत बघितलं, अपूर्वा अभ्यास करत होती. मग त्यांनी दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

१६ जून

शाळा सुरू झाली. सवयीने पहाटे जाग आली. बसचा हॉर्न रस्त्यावर ऐकू आला तेव्हा मी भांडी घासत होते. अंगणातली व्हॅन कानिफनाथकडे विकायला देऊन टाकली.

दुपारी गेम लावला. सीझनच्या शेवटच्या दोन शर्यती उरल्या होत्या. एकीत दहावी, दुसरीत आठवी. गोळ्यांनी थोडी सुस्ती येते, पण हात जागेवर होते. मी प्रत्येक रिप्ले बघितला, शर्यतीसाठी नाही, माझ्यासाठी. सगळीकडे ब्रेक लागलेला होता.

तरी संध्याकाळी मेल आलाच. सीझनचे एकूण गुण कमी, करार वाढवत नाही. खाली आणखी एका संघाचा देकार होता, आमच्याहूनही हळू गाडी. मी बराच वेळ बटण दाबलं नाही.

आई म्हणाली, "काय लिवलंय?"

"काढून टाकलं मला. दुसरे बोलावतायत, पण खालचे आहेत."

"बोलावतायत ना? मग जा की. घरी बसून काय करती?"

२४ जून

परवा रविकांत सरांचा फोन आला होता. बसमध्ये मुलांसोबत बाई हवीच, तसा नियम आहे. चढवायचं, उतरवायचं, कोण आलं नाही ते बघायचं. "तुम्हाला विचारायला संकोच वाटतोय," म्हणाले.

मलाही वाटला. ज्या बसचं स्टिअरिंग मिळणार होतं तिच्या दारात उभं राहायचं. मी सरांना सांगितलं, बसमध्ये मला फिट येऊ शकते. ते म्हणाले, डॉक्टरांशी बोललोय, छगनभाऊंनाही काय करायचं ते सांगून ठेवू. दोन दिवस मागून घेतले. पहिल्या दिवशी नाही म्हणायचं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी हो म्हटलं. असं का, ते मला नीट सांगता येत नाही. पोरांची आठवण येत होती हे एक.

८ जुलै

बसवर जायला लागून आठवडा झाला. छगनभाऊ सावकाश चालवतात. ब्रेक जरा उशिरा मारतात. सांगितलं तर ऐकतात. "बाई, तुमचा पाय आपोआप दाबला जातोय बरं का," म्हणाले. खरंच दाबला जातो, रिकाम्या पत्र्यावर.

लीनाताई स्टॉपवर असतात. अपूर्वा माझा हात धरून चढते. लीनाताई माझ्याशी बोलत नाहीत. बस वळेपर्यंत उभ्या राहतात मात्र. माझ्याकडे बघतात की बसकडे, कळत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

आज स्टॉपवर लीनाताईंनी हाक मारली. "जयमालाताई, रविवारी सकाळी वेळ आहे का?"

मला वाटलं आता काहीतरी ऐकावं लागणार.

म्हणाल्या, "पोर्चमध्ये कार उभी आहे. हे जबलपूरला गेल्यापासून धूळ खाते आहे. लायसन्स आहे माझ्याकडे, लग्नाआधी काढलेलं. पण रस्त्यावर काढायचा धीर होत नाही. तुम्ही नुसतं शेजारी बसाल?"

मी म्हटलं, "ताई, मी तर..."

"चालवणार मी आहे. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, ते खोटं कशाला सांगू? पण तुम्ही मला घाबरवणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. असं दुसरं कुणी मला माहीत नाही."

२० जुलै, रविवार

सकाळी गेले. आधी कारची बॅटरी उतरलेली, कानिफनाथला बोलावलं. मग निघालो. मी डाव्या सीटवर, हात मांडीवर दाबून ठेवलेले. कॅम्पातला रस्ता रविवारी मोकळा असतो.

गेटातच दोनदा बंद पडली. लीनाताईंना घाम फुटला. "मला नाही जमत हे."

"क्लच सोडताना श्वास रोखू नका. पायाकडेही बघू नका. समोर बघा."

"मागे टेम्पो आलाय!"

"येऊ दे. त्याला ब्रेक आहे."

टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, लीनाताईंनी घाबरून डावीकडे घेतली, मी फक्त "सरळ" म्हटलं. सरळ झाली. टेम्पोवाला काहीतरी बोलून पुढे निघून गेला. त्यावर बँकेतल्या लीनाताईंनी जो शब्द वापरला तो मी इथे लिहीत नाही. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की गाडी पुन्हा बंद पडली.

पुढे लष्कराच्या भिंतीकडेचा लांब रस्ता लागला. दुसरा गिअर मी सांगितला. तिसराही सांगितला. मग खिडकीतून वारा यायला लागला आणि मी गप्प बसले.

चौथा त्यांनी न विचारता टाकला.